रकाना कोरा ठेवला आहे : खेळाडू सहाय्य निधींच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्तहो,

स. न. वि. वि.

दुखापतीमुळे खेळ सुटलेल्या आणि निवृत्तीनंतर अडचणीत आलेल्या खेळाडूंसाठी तुम्ही निधी चालवता. देणग्या गोळा करता, हिशेब ठेवता, बैठकांना वेळ काढता, आणि यातलं बरंचसं काम विनामोबदला करता. पुढे तक्रारी येणार आहेत, म्हणून हे आधीच लिहून ठेवते : आज मला जिना चढता येतो तो तुमच्यासारख्याच एका निधीमुळे. ते मी विसरलेले नाही.

मी अडथळ्यांच्या शर्यतीत धावायचे. चोविसाव्या वर्षी सरावात सातवा अडथळा पार करून पाय टेकला आणि गुडघा आतल्या आत फिरला. गुडघ्यातला एसीएल हा मुख्य बंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, मी परत धावले, तो पुन्हा तुटला आणि माझा खेळ तिथे थांबला. त्यानंतर अकरा वर्षं मी जखमी खेळाडूंबरोबर बसून त्यांचे मदतीचे अर्ज भरते आहे. कुणाचे कागद जुळवायचे असतात, कुणाला डॉक्टरांचा अहवाल समजावून सांगायचा असतो. कुणाला फक्त सोबत बसलेलं माणूस हवं असतं. बऱ्याच निधींचे अर्ज या काळात हाताखालून गेले. कागद वेगळे असतात, प्रश्न बहुतेक तेच.

गेल्या महिन्यात एका ज्युदोपटूचा अर्ज भरायला बसलो होतो. तिचा डावा खांदा तीनदा निखळला आहे, दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत. नाव, जन्मतारीख, वजनगट हे सगळं तिने वळणदार अक्षरात लिहिलं. मग रकाना आला : ‘गेल्या दोन वर्षांतील सर्वोच्च कामगिरी’. तिचं पेन थांबलं. ती दोन वर्षं तिने शस्त्रक्रियागृहात, पट्ट्यात बांधलेला हात घेऊन अंथरुणावर आणि फिजिओच्या टेबलावर काढली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “ताई, आता हात खांद्याच्या वर जातो, हे लिहू का?” ती अगदी मनापासून विचारत होती. तिच्या दृष्टीने ती खरोखरच त्या दोन वर्षांतली सर्वोच्च कामगिरी होती.

मदत मागायला आलेल्या जखमी खेळाडूला हा प्रश्न विचारावा, असं कुणीतरी एकदा ठरवलं असणार. बहुधा शिष्यवृत्तीचा जुना अर्ज समोर ठेवून हा नवा तयार झाला असेल. वाईट हेतू कुणाचाच नसेल. पण माझं सगळं म्हणणं या रकान्यातच आहे. तुमचे नियम खेळाडूला आधी त्याची योग्यता सिद्ध करायला लावतात, मग त्याची गरिबी सिद्ध करायला लावतात, आणि या दोन्ही परीक्षांत जो वेळ जातो त्याच वेळात त्याचं शरीर कायमचं बिघडतं.

दुखापत झाल्यावर पैशाचं नेमकं काय होतं, ते सांगते. संघात किंवा शिबिरात असताना खेळाडूला भत्ता, राहायची जागा, जेवण, फिजिओ आणि प्रायोजकाचे बूट हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं असतं, आणि ती दोरी म्हणजे संघातली जागा. जागा गेली की बाकीचं सगळं त्याच आठवड्यात जातं. बिलं मात्र त्याच आठवड्यापासून सुरू होतात. विमा असतो, पण त्याच्या अटी वाचून पाहा. अनेक पॉलिसींत जुन्या दुखापतीला संरक्षण नसतं, आणि वर्षानुवर्षं झिजत आलेली टाच किंवा पाठीचा मणका ‘अपघात’ या व्याख्येत बसवणं महाकठीण. मग साठवलेलं मोडायचं, भावाकडून घ्यायचं, मित्राकडून घ्यायचं. तुमचा नियम सांगतो की अर्जदाराकडे बचत नसावी आणि उत्पन्न अमुक रकमेच्या खाली असावं. त्या रेषेखाली पोचायला माणसाला वर्ष-दीड वर्ष लागतं. तिथे पोचला की मग तो तुमच्या मदतीला पात्र होतो.

या दीड वर्षात काय होतं? खेळाडू लवकर परततो. मी हेच केलं. एसीएल तुटला की बहुतेकदा शरीरातलीच दुसरी कंडरा काढून त्या जागी बसवतात. बसवल्यावर पहिले काही महिने तो बंध आधी कमकुवत होतो, मग शरीर हळूहळू त्याला आपलंसं करतं. गुडघा मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यातच मोकळा वाटायला लागतो. फसगत होते ती इथेच. नऊ महिन्यांच्या आत पूर्ण खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही, फिजिओने बजावून सांगितलं होतं. पण सहाव्या महिन्यात निवड चाचणी होती. निवड झाली तर भत्ता सुरू होणार होता आणि घरभाडं दोन महिन्यांचं थकलं होतं. मी धावले. तेव्हा कुणी मला तीन महिने पुरेल एवढा पैसा दिला असता तर मी कदाचित पुढे सहा-सात वर्षं धावले असते. नसतेही धावले. पण दुसरी शस्त्रक्रिया टळण्याची संधी तरी मिळाली असती. ती दुसरी शस्त्रक्रिया एका निधीनेच पुढे केली, आणि तिला त्या तीन महिन्यांच्या भाड्याच्या कितीतरी पट खर्च आला.

जखमी खेळाडूला वेळेवर मिळालेला पैसा उपचाराचाच भाग असतो, असं मी म्हणते ते यामुळे. फिजिओथेरपीसाठी अनुदान द्यायचं आणि त्याच वेळी माणसाला भाड्यासाठी मैदानात उतरावं लागेल अशी स्थिती ठेवायची, यात देणगीदाराचा पैसा वाया जातो.

आता ‘अधिकृत स्पर्धेदरम्यान झालेली दुखापत’ या अटीबद्दल. ही अट बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती वाचली की मला एलेना मुखिना आठवते. सोव्हिएत संघाची ही जिम्नॅस्ट 1978 मध्ये सर्वसाधारण विजेतेपद मिळवून जगज्जेती झाली. 1979 मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता भरून येण्याआधीच ती पुन्हा कठीण उड्यांच्या सरावाला लागली. मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. 3 जुलै 1980 रोजी, स्पर्धेला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, मिन्स्कमध्ये सरावात ती हनुवटीवर पडली आणि तिची मान मोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. मानेखालचं शरीर गेलं ते गेलंच. 2006 च्या डिसेंबरात ती वारली, म्हणजे सव्वीस वर्षं तिने त्या अवस्थेत काढली. हा अपघात प्रेक्षकांसमोर झाला नव्हता, त्याला गुणफलक नव्हता. चीनची जिम्नॅस्ट सांग लान 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या गुडविल गेम्समध्ये व्हॉल्टच्या सराव-उडीत पडली आणि तिलाही पक्षाघात झाला. सरावाच्या उडीला तुमच्या नियमात काय म्हणायचं, स्पर्धा की सराव? कार्यालयातला एखादा प्रामाणिक कारकून यावर आठवडाभर विचार करत बसेल, आणि तो आठवडा रुग्णालयात कुणीतरी मोजत असेल. अव्वल खेळाडूच्या वर्षभरातल्या श्रमाच्या तासांत स्पर्धेचे तास अगदी थोडे. बाकी सगळा सराव. शरीर मोडतं ते बहुतेक तिथेच.

पदकांची अट याहून जुनी आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. हंगेरीत ऑलिंपिक पदकविजेत्याला पस्तिशीनंतर दरमहा ठरावीक रक्कम मिळते. दक्षिण कोरियात आंतरराष्ट्रीय पदकांचे गुण साठत जातात आणि त्यावरून मासिक निवृत्तिवेतन ठरतं. या योजनांना माझा विरोध नाही. ज्यांनी मिळवलं त्यांना तो मान मिळायलाच हवा. पण त्या सन्मानाच्या योजना आहेत, त्यांना सहाय्यनिधीचा नमुना मानू नका. सन्मान पदकाकडे पाहून द्यायचा, मदत जखमेकडे पाहून. चौथ्या क्रमांकाच्या धावपटूचा पायही पहिल्याइतकाच दुखतो. आणि निवड चाचणीतच जो मोडला, त्याला पदकाचा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे?

शिफारसपत्राबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो. बहुतेक अर्जांना प्रशिक्षकाचं किंवा क्रीडा संघटनेचं पत्र जोडावं लागतं. ज्या प्रशिक्षकाने सुजलेल्या घोट्यावर उड्या मारायला लावल्या, त्याच्याच दारात सही मागायला जावं लागतं. एका मुलीला मी हे करताना पाहिलं आहे. ‘दुखापतीचं कारण’ या ओळीत ‘खेळाडूने सूचना पाळल्या नाहीत’ असं लिहिलेलं असेल तर सही देतो, असं तिला सांगण्यात आलं. तिने ते पत्र घेतलं, कारण पैसे हवे होते. खोटं होतं ते, आणि ते तिच्याच अर्जाला टाचलेलं राहिलं. डॉक्टरांचा अहवाल आणि संघाच्या हजेरीपटाची प्रत एवढ्यावर काम भागत नाही का? ज्याच्यामुळे इजा झाली असेल त्याची परवानगी मागायची वेळ कुणावर आणू नका.

एक चांगलं उदाहरण सांगते, कारण हे सगळं जमण्यासारखं आहे. 1963 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर टिम ब्रुकशॉ हा जॉकी घोड्यावरून पडला आणि त्याला कंबरेखाली पक्षाघात झाला. तीनच महिन्यांनी, 1964 च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत, पॅडी फॅरेल त्याच मैदानावर पडला आणि त्याचीही तीच गत झाली. त्या दोघांसाठी म्हणून जो निधी उभा राहिला तो पुढे सगळ्या जखमी जॉकींचा झाला, इंज्युअर्ड जॉकीज फंड. साठ वर्षांहून जास्त काळ तो चालू आहे. त्यांची नाताळची शुभेच्छापत्रं लोक वर्षानुवर्षं विकत घेतात, त्यातून पैसा येतो. लॅम्बोर्न, माल्टन आणि न्यूमार्केट इथे त्यांची स्वतःची पुनर्वसन केंद्रं आहेत. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची एक साधी पद्धत : त्यांच्याकडे आल्मोनर म्हणून ओळखली जाणारी माणसं आहेत, जी जखमी जॉकीला जाऊन भेटतात, घरी जातात, कुटुंबाला काय हवंय ते विचारतात आणि पुढेही त्यांच्या संपर्कात राहतात.

घरी जातात, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. घरी गेलेल्या माणसाला जे दिसतं ते अर्जात कधीच येत नाही. स्नानगृहाच्या दाराला उंबरा आहे आणि चाकाची खुर्ची आत जात नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? बायकोने नोकरी सोडली आहे. मुलगा रात्री बापाला कुशीवर वळवायला दोनदा उठतो आणि सकाळी शाळेत पेंगतो. खेळाडू स्वतःहून यातलं काही सांगणार नाही. लहानपणापासून त्याला दुखणं लपवायलाच शिकवलेलं असतं. ‘कसा आहेस?’ म्हटलं की ‘ठीक आहे’ हे उत्तर त्याच्या तोंडात आपोआप येतं, आणि अर्जातही तो तेच लिहितो. मी अर्ज भरायला बसते तेव्हा माझं निम्मं काम त्या ‘ठीक आहे’च्या मागे जाण्याचं असतं.

दुसरं उदाहरण गुप्ततेचं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये 1986 पासून बेसबॉल असिस्टन्स टीम नावाची संस्था अडचणीतल्या माजी खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करते. आजचे खेळाडू आपल्या पगारातून तिला देणगी देतात. कुणाला मदत मिळाली हे ती गुप्त ठेवते. नाव नाही, फोटो नाही.

फोटोबद्दल माझं एक जुनं दुखणं आहे, ते इथे सांगायलाच हवं. माझ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा मी फार रडले होते, आनंदाने. नंतर कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. फोनवर एका गृहस्थांनी अगदी सौजन्याने विनंती केली, “येताना कुबड्या घेऊन याल का? फोटोत बरं दिसतं.” शस्त्रक्रिया होऊन तोवर बरेच दिवस झाले होते आणि मी तीन आठवडे कुबड्यांशिवाय चालत होते. पहिल्यांदा आधाराविना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते तो दिवस मी डायरीत लिहून ठेवला होता. तरी मी कुबड्या घेऊन गेले. काखेत धरून व्यासपीठावर उभी राहिले आणि मोठा पुठ्ठ्याचा धनादेश हातात घेतला. तो फोटो छापून आला. माझ्या धावण्याचे फोटो फार नाहीत, पण तो एक मात्र सगळ्यांना सापडतो. देणगीदारांना पैसा कुठे गेला हे कळायला हवं, हे मला मान्य आहे. त्यासाठी आकडे द्या, किती जणांना, कशासाठी, किती दिवसांत मदत पोचली ते छापा. चेहरा नको. ज्याला स्वतःहून सांगायचं असेल तो सांगेल.

ज्यांची दुखापत खेळ सोडल्यानंतर खूप वर्षांनी वर येते, त्यांच्याबद्दलही लिहायचं आहे. ‘निवृत्तीपासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा’ अशी अट जिथे आहे तिथे ही माणसं दारातच अडतात. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲसल चेंडू डोक्याने मारण्यात वाकबगार होता. 2002 मध्ये तो 59 व्या वर्षी वारला, तोवर मेंदूच्या आजाराने त्याला पार पोखरलं होतं. मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला व्यवसायजन्य आजार म्हटलं, म्हणजे खाणकामगाराच्या फुप्फुसाच्या आजारासारखा. अमेरिकन फुटबॉलमधल्या जॉन मॅकीलाही स्मृतिभ्रंशाने गाठलं. त्याच्या पत्नीने, सिल्व्हियाने, लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून हा आजार घरात काय काय करतो ते कळवलं. त्यातून 2007 मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या देखभालीची योजना आली. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक 88, म्हणून ती ‘88 प्लॅन’, आणि सुरुवातीला वर्षाला कमाल 88,000 डॉलर. एका बायकोने लिहिलेल्या पत्राचा त्यात मोठा वाटा होता, हे आठवलं की आपणही लिहावं असं वाटतं. पण लक्षात घ्या, स्वतः मॅकी ते पत्र लिहू शकला नसता. या आजारात अर्जदाराची सही मागणं हीच मोठी अडचण असते. अर्ज घरच्यांनी केला तर तो चालायला हवा, आणि काळाची मर्यादा तर नकोच.

दुखापत न होता, वय झालं म्हणून थांबलेल्यांचं दुःख वेगळं आहे. त्यावर मी इथे फार लिहीत नाही. एवढंच म्हणते की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना रकमेपेक्षा पहिल्या वर्षात शिक्षणाची फी आणि नोकरीची ओळख जास्त उपयोगी पडते. हे काम काही निधी आज चांगलं करत आहेत.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण एका बैठकीत ते मी समोर बसून ऐकलं आहे. पैसा मर्यादित आहे, तपासल्याशिवाय दिला तर लबाड लोक घुसतील, लेखापरीक्षक विचारतील. खरं आहे. म्हणून मी तपासणी बंद करा असं म्हणत नाही. तिचा क्रम बदला, एवढंच. दुखापत झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, फक्त डॉक्टरांच्या कागदावर, तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण निघेल एवढी छोटी रक्कम द्या. बचत विचारू नका, पदक विचारू नका. त्या तीन महिन्यांत तुमचं माणूस घरी जाऊन येऊ दे. मोठ्या रकमेची चौकशी त्यानंतर करा, हवी तितकी बारीक करा. कुणी एखादा फसवेल. त्याने नेलेली रक्कम एका टाळता आल्या असत्या शस्त्रक्रियेपेक्षा कमीच असेल. आणि तुमच्या मंडळात एक तरी असा माणूस घ्या ज्याने स्वतः कधी मदतीचा अर्ज भरला आहे. अर्जातला कुठला प्रश्न कुठे बोचतो, हे त्याला विचारावं लागणार नाही.

त्या ज्युदोपटूचा अर्ज आम्ही पाठवला आहे. तो तुमच्यापैकीच एकाच्या टेबलावर पोचला असेल. कामगिरीच्या रकान्यात तिला काहीतरी लिहायचं होतं, निदान चार वर्षांपूर्वीचं कांस्यपदक तरी. मीच नको म्हटलं, कारण ते दोन वर्षांतलं नव्हतं आणि तेवढ्या कारणावरून परत आलेला एक अर्ज माझ्या कपाटात आहे. मग बराच वेळ बसून आम्ही तो रकाना तसाच सोडला. कोरा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज, असं तुमच्या सूचनापत्रात शेवटच्या ओळीत छापलेलं आहे. आम्ही ते वाचलं होतं. तिच्या खांद्याची पुढची तपासणी येत्या पंधरा दिवसांत आहे आणि त्याआधी फिजिओची नऊ सत्रं व्हायला हवीत. त्यांतली दोन झाली आहेत, उधारीवर. कृपा करून तो अर्ज परत पाठवू नका. काही विचारायचं असेल तर तिच्या घरी कुणाला तरी पाठवा.

आपली नम्र,
एक माजी अडथळा शर्यतपटू